नुसती लायनीवर थांब

भीतीने जीव कासावीस झालेल्या माणसाने मोबाईल हातात घेतला, तर त्याला समोर काय दिसावं, हे ठरवायचं काम संघमित्राकडे आलं होतं. रबाळ्याच्या एका छोट्या कंपनीत ती अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करायची. हे अ‍ॅप पॅनिक अटॅक येणाऱ्यांसाठी होतं. तिला स्वतःला तसलं काही कधी झालं नव्हतं, म्हणून ती असे अटॅक येणाऱ्या लोकांना विचारत सुटली. आणि जितकं विचारावं तितका गुंता वाढत गेला.

आधी तिने एक निळं वर्तुळ केलं. ते फुगलं की श्वास घ्यायचा, आक्रसलं की सोडायचा. त्यांच्यापैकी बँकेत नोकरी करणाऱ्या विजयमालाताई ते बघून म्हणाल्या, "अगं, एवढा मोठा श्वास मला त्या वेळी घेताच येत नाही. हे बघून मी आणखीच घाबरेन." वर्तुळ काढून तिने धीर देणारा बाईचा आवाज घातला, तर न्हावा शेवा बंदरात कस्टमची कामं करणारे अरविंद वैतागले. "ही कोण बाई मला शांत व्हा सांगणारी? आधीचं वर्तुळ बरं होतं."

"यार, काहीतरी एक फायनल कर ना," तिचा बॉस निशांत म्हणाला.

त्याच रविवारी तळवलीच्या घरात तिची आई, चांगुणाबाई, मेथी निवडता निवडता एकदम उठली आणि खिडकीचा गज धरून उभी राहिली. कपाळ घामाने डबडबलेलं होतं.

"पित्त उसळलंय," ती म्हणाली. कित्येक महिने ती हेच म्हणायची आणि संघमित्रा तिला कोकम सरबत करून द्यायची. आज मात्र ती चमकली.

"आई, धडधडतंय? आता मरते की काय असं वाटतंय?"

"तुला कुणी सांगितलं?"

रिक्षा करून दोघी दवाखान्यात गेल्या. तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत आहे, हा पॅनिक अटॅक आहे, असं सांगून डॉक्टरांनी औषध सुरू केलं. परतताना चांगुणाबाई म्हणाली, "म्हंजे मला काहीच झालं न्हाई, अन् मी मरायलाबी टेकले व्हते. दोन्ही खरं कसं गं?"

परक्या माणसांना विचारत फिरले आणि घरातलं दिसलं नाही, म्हणून स्वतःवर चिडावं, की लपवलं म्हणून आईवर, हे संघमित्राला कळेना. घरी आल्यावर तिने आईला ते निळं वर्तुळ दाखवलं. "ह्याच्याकडं बघू, का जीव सांभाळू?" आई म्हणाली.

औषधाने बरंच बरं वाटू लागलं. तरी एका दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. "जिन्यात बसलेय. आलंय ते परत."

"आई, घाबरू नको, पाय जमिनीला घट्ट टेकव, समोर काय काय दिसतंय ते सांग—"

"बोलू नको गं. नुसती लायनीवर थांब."

ती फोन कानाला लावून पॅसेजमध्ये उभी राहिली. आईचा श्वास तुटत होता, मग हळूहळू लांब होत गेला. "आता बरंय, चहा ठेवते," म्हणून आईने फोन बंद केला. आपण नेमकं केलं काय, हे संघमित्राला कळलं नाही.

नव्या स्क्रीनवर तिने एकच बटण ठेवलं. दाबलं की आपल्या माणसाला फोन जाणार. त्याला आधीच सांगून ठेवलेलं, बोलायचं नाही, थांबायचं.

"यात आपण बनवलं काय?" निशांत म्हणाला. विजयमालाताईंना ते पटलं. अरविंदनी विचारलं, "पण पलीकडून काहीच आवाज आला नाही, तर फोन कट झाला असं नाही का वाटणार?"

याचा तिने विचारच केला नव्हता. संध्याकाळी तिने आईला विचारलं, "मी लायनीवर आहे हे तुला कळत होतं?"

"न कळायला काय झालं? तूच धापा टाकत व्हतीस. मला वाटलं, हिला काय झालं आता?"

आणि ती हसायला लागली. संघमित्राही हसली, पण आता पलीकडचा हा श्वास स्क्रीनवर आणायचा कसा, याच विचारात तिने लॅपटॉप उघडला.