बेरीज एक

नोएलीन ट्रेझाइजला राग यायला फारसं कारण लागत नसे. सिडनीतल्या आमच्या विद्यापीठात ती माझ्या शेजारच्या खोलीत बसायची. तिने दार आपटलं की माझ्या फळ्याखालचे खडू खाली पडायचे. पण आमच्याकडची हंगामी संशोधक मिलेना हिच्यासाठी ती जशी भडकली, तशी मी तिला कधीच पाहिली नाही. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आमचं काम असं. सिलिकॉनच्या अतिबारीक काड्या ठरावीक अंतरावर रांगेने उभ्या केल्या, की एखाद्या रंगाचा प्रकाश त्यांतून पार जात नाही, सगळा परत फिरतो. कोणता रंग अडेल हे आधी संगणकावर काढायचं. प्रत्येक काडीवरून विखुरणारी लाट म्हणजे न संपणारी बेरीज. तिची सुरुवातीची काही पदं घ्यायची, बाकीची सोडून द्यायची. किती घ्यायची, इथेच खरी मेख.

आमचा विभागप्रमुख रॉडरिक हिशेब करून म्हणाला, हा रंग पूर्ण अडेल. मिलेनाने प्रयोगशाळेत वर्षभर खपून तशा काड्यांचा स्फटिक घडवला. प्रकाश खुशाल पार गेला.

"काड्या वाकड्या बसल्यात," रॉडरिकने चहाच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. "गणित चोख आहे." मिलेनाची नेमणूक वाढवायची की नाही हे शुक्रवारी ठरणार होतं, आणि ठरवणारा तोच.

ज्याची चूक निघेल त्याने चहाला केक आणायचा, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या सकाळी मिलेना अक्रोडाचा केक घेऊन आली आणि कोपऱ्यात बसली. आम्ही निर्लज्जासारखे खात होतो, तेवढ्यात नोएलीन आली.

"हा कोणी आणला?"

"मी," मिलेना म्हणाली.

"काड्या तपासल्यास ना?"

"तपासल्या. सरळ आहेत."

"मग केक कशाला आणलास, बावळट?" नोएलीन रॉडरिककडे वळली. "पदं किती घेतलीस?"

"पुरेशी. परतलेला आणि पार गेलेला प्रकाश मिळून बरोबर एक येतो, म्हणजे पडला तेवढा सगळा. आणखी काय हवं?"

"अरे, ते 'एक' तर समीकरणातच शिवलेलं आहे. काड्यांच्या जागी तुझा सकाळचा टोस्ट घाल, तरी एकच येईल."

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. एकच पद ठेवलं, बेरीज एक. दोन ठेवली, तरी एक. पार जाणारा भाग मात्र दर वेळी वेगळा. ती पदं वाढवत गेली, शेवटी आकडा हलेनासा झाला. मिलेनाने मोजलेला आकडा तोच होता. रॉडरिकने कप धुतला आणि निघून गेला.

शुक्रवारी मिलेनाची नेमणूक वाढली. सोबत रॉडरिकचं ईमेल आलं: "हिशेब आणि मोजमाप यांतली तफावत आता दूर झाली आहे." चूक कोणाची होती, याबद्दल अवाक्षर नाही. वाचून माझंही डोकं फिरलं. नोएलीनने केकचं ताट घासलं आणि ते घेऊन थेट त्याच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेलो.

"सोमवारी हे भरून आण," ती म्हणाली.

"नोएलीन, हा आपल्या सगळ्यांसाठीच धडा होता."

"केक तिने एकटीने आणला होता," ती म्हणाली आणि ताट त्याच्या कीबोर्डवर ठेवून बाहेर पडली.