कडूबा सरांची चिमूट

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा जून. बदनापूरचे कडूबा सर सातवीला प्रयोगशाळेचे नियम सांगत होते. मागल्या साली एका पोरानं निळा मोरचूद चाटून पाह्यला होता, म्हणून यंदा सरांनी दमच भरला, "इथं काहीच तोंडात घालायचं न्हाई. जो घालील, तो तासभर बाहेर उभा राहील!"

बोलता बोलता सरांच्या हातांनी सवयीनं तंबाखूला चुना लावला, मळला आणि चिमूट ओठाखाली सारली.

"सर, तोंडात काय घातलं?" पहिल्या बाकावरच्या गोजरनं विचारलं.

सरांनी विचार केला, आता स्वतःच शिक्षा चुकवली, तर वर्षभर आपलं ऐकणार कोण? सर मुकाट्यानं बाहेर जाऊन उभे राहिले. पोरांना वाटलं, केवढा प्रामाणिक माणूस! सरांना मात्र थुंकायला जागा मिळाली होती.