युजरची खुर्ची

"काकू, तिथे नका बसू. ती युजरची खुर्ची आहे."

आमच्या ऑफिसातला मिहीर माझ्या आईला म्हणाला. हसत म्हणाला, अगदी गोड आवाजात. आई अर्धी टेकली होती, तशीच उठली. "हाव का? मले माहीत नव्हतं बाप्पा," म्हणाली आणि पदर सावरून भिंतीशी उभी राहिली. कोराडीहून बसने आली होती, लग्नाकार्याची साडी नेसून. बाकी सगळ्या खुर्च्या भरलेल्या. रिकामी ती एकच. कोणी उठलं नाही. मी मागे उभी होते, हातात पाण्याची बाटली.

आता ही काय भानगड ते सांगते. आमचं ऑफिस इथंच, नागपुरात. मोबाइलवरच्या ॲपचं डिझाइन करतो आम्ही. बटण कुठे ठेवायचं, त्यावर काय लिहायचं, माणसाला ते सापडतं का, हे बघायचं. जो ॲप वापरतो तो युजर. आमच्या सरांनी बंगळुरूहून एक पद्धत आणली. मीटिंगमध्ये एक नारिंगी खुर्ची रिकामी ठेवायची आणि युजर तिथे बसलाय असं समजून बोलायचं. तिच्यावर कोणी बॅगसुद्धा ठेवत नाही. त्या दिवशी गॅस बुकिंगच्या ॲपची चाचणी होती. घरचा गॅस स्वतः नोंदवणाऱ्या बायका हव्या होत्या, म्हणून मीच आईला बोलावलं होतं.

म्हणजे बघा. युजर म्हणून जी बाई बोलावली, तिलाच युजरच्या खुर्चीवरून उठवलं. आणि खोलीभर शिकलेल्या लोकांत एकाच्याही डोक्यात ते शिरलं नाही. बह्याडांचा, येड्यांचा बाजार नुसता!

माझ्या डोक्यात शिरलं. राग आला आणि त्याच वेळी हसूही आलं. याची कॉमिक होते, चार चौकटींची, असं तिथंच मनात आलं. मी शाळेपासून चित्रं काढते. बाईंचं काढलं म्हणून मार खाल्लाय. पण ऑफिसात कॉमिक म्हटलं की मिहीर. दुसरं नाव कोणाच्या तोंडी येत नाही.

मिहीरवर मी जळायचे. सरळ सांगते, लाज कशाची. धरमपेठेतलं घर, लहानपणापासून चित्रकलेचा क्लास, बापाच्या कपाटात परदेशी कॉमिक्सचा ढीग, आणि नंतर मोठ्या संस्थेतलं डिझाइनचं शिक्षण. तो डिझाइनवाल्यांच्या गमती काढायचा. क्लायंटला हिरवा रंग हवा, सरांना निळा, असलं काहीतरी. शुक्रवारी भिंतीवर लावायचा. लोक पूर्ण वाचायच्या आधीच हसायचे. मीटिंगमध्ये मी काही गमतीचं बोलले तर "म्हणजे?" असं विचारायचे. तेच तो थोड्या वेळाने बोलला की टेबल वाजवायचे. त्याची रेघ एका झटक्यात यायची. माझी घासून घासून यायची. जीव जळायचा माझा.

त्या शुक्रवारी भिंतीवर त्याची नवी कॉमिक लागली. नारिंगी खुर्ची, तिच्यावर पाय वर घेऊन बसलेली एक जाडी काकू, तोंड वासलेलं. मोबाइल उलटा धरलेला. फुग्यात शब्द: "मले समजूनच नाही राहिलं!" बाजूला डिझाइनवाले डोकं धरून बसलेले. ऑफिस हसून हसून लोळलं. मग ती इंटरनेटवर गेली. "अगदी आमच्याकडेही हेच", "कसली भारी", असं खाली कोण कोण लिहून गेलं.

आईचा अपमान झाला म्हणून मी आधी चिडायला हवं होतं. आधी मी जळले. हा विनोद माझा होता. मी तो पहिल्यांदा पाहिला होता, आणि याने तो उलटा काढला. हसायचं उभ्या असलेल्या बाईला नव्हतं, तिला उभं करणाऱ्यांना होतं. आणि चित्र चांगलं होतं, हे तर अजूनच झोंबत होतं. साडीचा काठसुद्धा बरोब्बर काढला होता मेल्याने.

त्या काठानेच घात केला. रविवारी कोराडीला घरी गेले तर आई मोबाइल घेऊन बसलेली. बाजूच्या क्वार्टरमधल्या वहिनीने गंमत म्हणून ते चित्र पाठवलं होतं.

"हे मीच आहो का वं?"

तिने साडीच्या काठावर बोट ठेवलं. मग बोटांनी चित्र मोठं केलं.

"पाय काहून वर घेतले त्यानं माहे? मी तं बसलीसुद्धा नाही."

एवढंच बोलली. रडली नाही, रागावली नाही. मोबाइल उपडा ठेवला आणि कुकर लावायला गेली. माझं मात्र मस्तक फिरलं. इतके दिवस मी त्याच्या टाळ्यांवर जळत होते. त्या टाळ्या कशाच्या जिवावर होत्या, ते आता समोर उपडं पडलं होतं.

टेबलावर साचलेली वीज केंद्राची राख पुसली आणि कागद घेऊन बसले. पहिल्या चौकटीत खुर्चीला हार घातलेला, सगळे हात जोडून उभे. दुसरीत दारात एक बाई: "मले बोलावलं व्हतं." तिसरीत सगळे, सगळ्यांत पुढे मिहीर, तोंडावर बोट ठेवून: "श्श! युजरशी बोलणं चालू आहे." चौथीत बाई भिंतीशी उभी आणि तिच्यासमोर रिकाम्या खुर्चीला चहा देणारे सर. आई मागून बघत होती. "त्या पोट्ट्याचं नाक अजून मोठं काढ," म्हणाली, आणि मग अशी हसली की पदराने डोळे पुसावे लागले.

सोमवारी क्लायंट येणार होता. सरांनी मला बोलावलं. "मिहीरची काकूवाली कॉमिक आपण स्क्रीनवर दाखवू. संवाद तू वाच. तू तिकडचीच, तुझा टोन ओरिजिनल येईल, मजा येईल."

"मी नाही वाचत."

"अगं, जोक आहे तो."

"जोक आहे तं ज्यानं केला त्यानं वाचावा."

ऑफिसात मी तोवर शुद्ध बोलायचे, अगदी तोलूनमापून. त्या दिवशी तोंडातून आलं ते घरचं आलं. परत घेतलं नाही. बॅगेतून माझी कॉमिक काढली आणि मिहीरच्या कॉमिकशेजारी टाचणीने टोचली. लोक जमले. कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "हे जरा निगेटिव्ह वाटतंय. काढून ठेव."

"काहून काढू?"

मिहीर पुढे आला. त्याने नीट वाचली, मान डोलावली. "लाइन कच्ची आहे अजून. पण खुर्चीच्या कॉमिकची आयडिया माझीच आहे ना ही?"

"उठवलं माह्या मायले. आन् आयडिया तुही?"

त्याचं हसू तिथंच अडकलं. तो दोन पावलं मागे सरकला, आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

माझी कॉमिक संध्याकाळी भिंतीवरून गेली. कोणी काढली, विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. पुन्हा गेली तर पुन्हा लावीन. जळणं काही थांबलेलं नाही. त्याची रेघ अजून माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि ती बघितली की आजही आत चरचरतं. चरचरू दे. तेवढी रेघ मी कमावीन.

गॅसच्या ॲपची पुढची चाचणी ठरली आहे. आईला मीच घेऊन येणार. तीच साडी नेसवून. हात धरून त्या नारिंगी खुर्चीवर बसवणार, आणि समोर कागद घेऊन उभी राहणार. जो कोणी तिला "उठा" म्हणेल, त्याचं तोंड मी काढणार. जसंच्या तसं, खाली त्याच्या नावासकट.