कोबी लावणारा बादशहा

२००९ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. दुबईत आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपचे मॅनेजर तेव्हा जेवण झालं की खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकून सावकाश उठायचे. वाक्य ठरलेलं. "असं उठता आलं पाहिजे, मिस्त्री. कोणी उठवायच्या आत."

खुर्ची मीच केलेली, दुबईच्या मरीना भागातल्या एका टॉवरच्या कामातून उरलेल्या सागाची. माणूस वसईचा, ख्रिस्ती. तोंडात एकच गोष्ट, रोमच्या डायोक्लेशियन बादशहाची. गरिबाघरचा पोरगा सैन्यात गेला, बादशहा झाला. राज्य एकट्याला आवरेना म्हणून चौघांत वाटलं. बाजारात मालाचे भाव बांधून दिले, जास्त घेईल त्याचं मुंडकं उडवायचं. तर मालच गायब!

"अडाणीच की मग," मी म्हणायचो. मी चौथी शिकलेला, पण मला दुकानदार कळतो.

"पुढे ऐका हो."

पुढे त्यानं चर्चं पाडली, ख्रिस्ती मारले. मी भडकलो. "साहेब, तुमच्याच माणसांना मारणाऱ्याचं कौतुक करता? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. आमचे फादर त्याचं नाव घेताना तोंड वाकडं करायचे. पण वीस वर्षं राज्य करून तो आपण होऊन उठला, मिस्त्री! सैन्यासमोर बादशाही झगा उतरवला आणि समुद्रकाठी जाऊन कोबी लावला. लोक परत बोलवायला आले तर म्हणाला, आधी माझा कोबी तर बघा."

गोष्ट नेहमी कोबीपाशी संपायची.

मंदीत मरीनातली कामं बंद पडली. वर्कशॉपचे मालक शेठ साहेबांना म्हणाले, निम्मे सुतार घरी पाठवा, कोण ते तुम्ही ठरवा. साहेब म्हणाले, "मीच जातो. पोरं राहू द्या." शेठनी छातीवर हात ठेवला. "बिलकुल, हबीबी."

एवढ्यावर या शहाण्या माणसानं स्वतःचा व्हिसा कॅन्सल करून घेतला! मी बोंबलत होतो, "आधी आमचं पक्कं करा, मग जा." ते हसले, तस्सेच सावकाश उठले आणि वसईला गेले. वाडीत भाजी लावली, असा फोनही आला.

थोड्याच दिवसांत शेठनी निम्म्या सुतारांची परतीची तिकिटं काढली. माझंही. मी वसईला फोन केला. "थांबा, मी बोलतो शेठशी," साहेब म्हणाले.

संध्याकाळी देरा भागातल्या आमच्या सुतारांच्या खोलीवर असताना त्यांचा फोन आला. "शेठ उचलत नाहीत, मिस्त्री." मग म्हणाले, "त्या बादशहाचं पुढचं मी कधी सांगितलं नाही तुम्हाला. तो उठल्यावर नव्या लोकांनी त्याच्या मुलीला वाळवंटात हाकललं. यानं निरोपावर निरोप धाडले, पोरीला माझ्याकडे पाठवा म्हणून. कोणी ऐकलं नाही. तसाच मेला."

"मग उठला कशाला?" मी ओरडलो. खोलीतली पोरं माझ्याकडे बघायला लागली. हे मी बादशहाला विचारलं की साहेबांना, मला तरी काय ठाऊक! तुम्हीच सांगा, मोठेपणा घेऊन एकानं उठायचं आणि हाल मागच्यांनी काढायचे, हा कुठला न्याय?

"चुकलं, मिस्त्री," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी वर्कशॉपला गेलो. साहेबांची खुर्ची उचलून शेठच्या केबिनच्या दारात ठेवली आणि बसलो. शेठ आले.

"चाचा, उठो."

"साहेबांना दिलेला शब्द पाळा, मग उठतो," मी मराठीतच सांगितलं, आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.