ज्येष्ठतेनुसार बोल्ट

आमच्या ह्यांनी कोलकात्यात एस्प्लनेडच्या फुटपाथवरून बोल्ट सोडायच्या सॉकेट-पान्यांचा सेट आणला, तेव्हा पेटी उघडून तो आल्यागेल्याला दाखवला होता, नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तसा. मग पेटी कपाटात गेली. बँकेतल्या साहेबाने हत्यारं बाळगायची असतात, वापरायची नसतात, असा माझा समज झाला. सुखाचा समज होता.

पुढे शहराबाहेर, बजबजच्या एका शाळेत माझी मुलाखत ठरली. ह्यांच्या प्रत्येक बदलीला मी एक नोकरी सोडत आले होते. नाशिकची सोडली, भोपाळची सोडली. चाळिशी उलटल्यावर कोलकात्यात कुणी बोलावलं हेच नवल, आणि ही हुकली तर पुन्हा कुणी विचारणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सियालदहहून लोकलने जाणार होते. "लोकलने कशाला? मी सोडतो ना," हे म्हणाले. खाली आलो तर गाडीचं पुढचं चाक बसलेलं.

"अहो, कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला बोलवा."

"अगं, घरात एवढा सेट असताना?"

पेटी आली. ह्यांनी आधी गाडी जॅकवर चढवली आणि मग बोल्ट सोडायला घेतले. बोल्टबरोबर अख्खं चाक गरगर फिरू लागलं. मुलाखतीची साडी नेसलेल्या मी ते धरून ठेवावं अशी सूचना आली, ती मला ऐकू आली नाही. मग गाडी पुन्हा खाली. बाकीचे बोल्ट कुरकुरत सुटले, एक गंजलेला मात्र अडून बसला.

एव्हाना कॉलनीतले मराठी साहेब जमले होते. सगळे सरकारी, सगळे बदलीवर आलेले, रविवारी एकमेकांकडे पोहे खाणारे. पहिला मान अर्थातच सगळ्यांत मोठ्या साहेबांचा. त्यांनी घरून बारा कोनांचं सॉकेट आणवलं. "सहापेक्षा दुप्पट पकड," ते म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही. मीटिंगमध्येही कुणी घेत नसणार. सॉकेट सटकलं आणि बोल्टचे कोपरे झिजले. मग मधल्या साहेबांचा नंबर. त्यांचं सॉकेट ढिलं होतं, म्हणून त्यांनी आत वर्तमानपत्राचा कागद कोंबला. बोल्टचे उरलेसुरले कोपरेही गेले.

तेव्हा सगळ्यांत कनिष्ठ साहेबांनी पाठीमागचा हात पुढे केला. हातात सहा कोनांचं, घट्ट बसणारं सॉकेट आणि लांब दांडा. गुळगुळीत झालेल्या बोल्टवर आता ते नुसतंच फिरलं.

"हे तुमच्याकडे होतं, मग आधी का नाही दिलंत?" मी विचारलं.

"वहिनी, साहेबांचं चाललं होतं ना."

माझा संताप संताप झाला. एका बोल्टपायी माझी नोकरी जाणार होती आणि ही मंडळी रांग पाळत होती. मी कुणाला काही न सांगता टॅक्सी केली, सियालदहला लोकल पकडली आणि घामाघूम होऊन, उशिरा, बजबजला पोचले. मुख्याध्यापिकाबाईंनी कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि मला घेतलं.

ती नोकरी मला आवडली. पोरं भांडखोर, स्टाफरूम त्याहून, पण जागा माझी होती. मग ह्यांची बदली आली, रायपूरला. "तू राजीनामा देऊन टाक," हे चहा पिता पिता म्हणाले. माझ्या नोकऱ्या इतकी वर्षं नुसत्या बोटाने सुटत होत्या, पाना लागलाच नव्हता.

मी नाही म्हटलं.

रविवारी दारावरची बेल वाजली. मला समजवायला कॉलनीतले साहेब आले होते. आधी सगळ्यांत मोठे बोलले, मग मधले, आणि त्यांचं संपेपर्यंत कनिष्ठ साहेब गप्प बसून राहिले. मी सगळ्यांना पोहे दिले, चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि जागची हलले नाही.