न वाळणारी खोली

उन्हाळ्यात आमच्या जळगावात सकाळी दहालाच खिडक्या लावून घेतात. अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या खोलीत मग पडद्याच्या फटीतून येतो तेवढाच उजेड. थोडा माठावर, थोडा कॉटच्या कडेवर. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "भाऊ, तू रंग शिकी ऱ्हायना ना? मनी खोली काढ. दिसस तवलगून पाही लिसू."

मी एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे दर रविवारी जात होतो. तिला दिसतंय तोवर तिची खोली पुरी करायची म्हणून भिंत, खिडकी, कॉट सगळं टेपने मोजून कॅनव्हासवर उतरवलं. सर म्हणाले, "भाऊ, हा प्लॉटचा नकाशा झाला. डोळे अर्धे मिटा. रुपयात उजेड किती?"

"दोन आणे."

"मग चित्रात बारा आणे कुठून आणला?"

उजेड कमी करायला शिकलो. काळा रंग न वापरता निळ्या-तपकिरीतून अंधार करायला शिकलो. रंगात जवसाचं तेल घालून पातळ थर द्यायचा, तो वाळला की वरचा. एक थर वाळायला आठवडा.

वैशाखात एक थर वाळेना. तीन आठवडे झाले तरी बोटाला रंग लागे आणि वरचा हात फिरवला की खालचा ब्रशबरोबर उचलून येई. सरांनी माझी तेलाची बाटली हुंगली.

"हे शेंगदाण्याचं आहे. याच्यात भजी तळा." मग ते गंभीर झाले. "हे वाळत नाही. खरवडून पहिल्यापासून करावं लागेल."

घरी येऊन मी बाटलीचं विचारलं.

"हलकी लागनी हातले," अक्का म्हणाली. "मीच भरी ठेवी. तुना खोळंबा नको."

"बरं केलंस," मी म्हणालो.

हिशेब सोपा होता. पहिल्यापासून करायचं तर दिवाळी उजाडली असती, आणि अक्का आताच कपात बोट घालून चहा ओतत होती. मी खरवडलं नाही. एका दुपारी ओलं चित्रच तिच्यासमोर धरलं.

तिने मान कलती करून बऱ्या डोळ्याने पाहिलं. "हाई खिडकी," ती म्हणाली. बोट बरोबर पडद्याच्या फटीवर होतं. "आन बाकी कोठे शे?"

बाकी सगळं अंधारात होतं. चौदा आणे अंधार मी थर देऊन देऊन केला होता, सरांनी त्यालाच शाबासकी दिली होती, आणि तिच्या डोळ्याला तो एकच काळा डाग होता. उजळ रंगवलं असतं तर तिला दिसलं असतं. हे शिकवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, शिकणाऱ्याच्याही नाही.

मी एकेक सांगत गेलो. खिडकीखाली माठ. कोपऱ्यात तुझी पेटी. इकडे कॉट, त्यावर गोधडी. ती प्रत्येकाला मान हलवत होती.

"बठ्ठं शे म्हना की. आन मी?"

कॉट मी रिकामी रंगवली होती.

"कॉटवर बसली आहेस."

"पाय वर लिसन?"

"हो," मी म्हणालो, "पाय वर घेऊन."