न थांबता अमरावती

अकोल्याच्या जुन्या शहरात शिलाई मशीन बिघडली की बायका ती ऑटोत घालून हलीमाबीच्या दुकानात आणत, आणि आणल्या आणल्या वैतागत. कारण हलीमाबी मशीनीला हातच लावायची नाही. आधी त्या बाईला स्टुलावर बसवायची, हातात एक चिंधी द्यायची आणि म्हणायची, "शिव."

"अवो, पण चालतच नाई ना थे!"

"कशी चालत नाई, थेच दाखव."

बाई शिवायला बसली की हलीमाबीची नजर मशीनीवर नसे, बाईच्या हातांवर असे. कुणी कापड मागून ओढून सुई वाकवायची, कुणी चाक उलटं फिरवायची. दहातल्या सहा मशिनी न खोलताच बऱ्या होत आणि बाया खजील होऊन घरी जात. एकसष्टाव्या वर्षीही हलीमाबीला या कामाचा कंटाळा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात तिचा नवरा, अब्दुल सत्तार, गेला. मागे राहिलं दुकान आणि एक पांढरी फियाट, तीस वर्षांची. चालवायला त्यानंच शिकवलं होतं, अकोटच्या रस्त्यावर, कपाशीच्या शेतांमधून. दर मंगळवारी हलीमाबी अकोटकडच्या गावांत जायची. तिथल्या बचत गटांच्या मशिनी ती जागेवर दुरुस्त करायची. डिकीत अवजारांची पेटी आणि दोन बदली मशिनी. एसटीत हे ओझं कोण चढवणार? गाडी होती म्हणून काम होतं.

आणि नेमकी गाडीच दगा देऊ लागली. अर्धा तास छान चालायची, मग आचके द्यायची, दोन-तीन झटके खायची आणि भर रस्त्यात थंड. दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली की जणू काही झालंच नाही, अशी पुन्हा सुरू.

"पेट्रोल उडून राह्यलं," शेजारच्या नत्थुजींनी निकाल दिला. नत्थुजी अकोटच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. यंत्राबद्दल त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा. "अकोल्याचं ऊन हाय हे, हलीमाबी. पंप तापते, पेट्रोलची वाफ होते. पंपावर वलं फडकं ठेवा."

सगळं अकोला हेच सांगत होतं. शेहेचाळीस अंशांच्या गावात जुनी गाडी थांबली की लोक तिच्या पंपावर ओलं फडकं ठेवतात, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावं तसं. फडकं ठेवलं, चहा घेतला, गाडी सुरू झाली; मग शंका कुणी घ्यायची? हलीमाबीच्या बहिणीचा मुलगा गुलफाम गॅरेज चालवायचा. त्यानं कॉइल बदलली, पॉइंट बदलले, पंपाचे पडदे बदलले. गाडी थांबतच राहिली.

यंदाच्या मे महिन्यात बोरगाव मंजूजवळ ती तीनदा थांबली. तिसऱ्या वेळी हलीमाबीला उन्हात भोवळ आली आणि कुणा अनोळखी माणसानं तिच्या फोनवरून अमरावतीला तिच्या मुलीला, अफसानाला, फोन लावला.

त्यानंतरच्या सोमवारी अफसाना फोनवर रडली नाही, ओरडलीही नाही. तेच हलीमाबीला जड गेलं. "अम्मी, अब बस. एक बार, सिर्फ एक बार, बिना रुके अमरावती आके दिखाव. रास्ते में रुकी, तो गाडी भंगार में, दुकान को ताला, और तुम मेरे पास."

"जुम्मे को आती," हलीमाबी म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिला कळलं की आपण काय बोलून बसलो. मुलीचं घर चांगलं होतं, जावई भला होता. पण तिथं तिच्या हातांना काम नव्हतं. तिथं ती फक्त अम्मी असणार होती, कोपऱ्यातल्या पलंगावर जपून ठेवलेली.

मंगळवारी अकोटला न जाता तिनं दुकानाच्या हिरव्या दारावर शिंप्याच्या खडूनं लिहायला घेतलं: गाडी कधी थांबली, कुठं थांबली, टाकीत तेव्हा पेट्रोल किती होतं. आठवून आठवून अकरा ओळी झाल्या. नत्थुजी चष्मा सावरत वाचायला आले.

"हे पाहा नत्थुभाऊ. जानेवारी. अकोटचा रस्ता, सकाळचे सात. मी शाल घेऊन होती. तवा कोणतं पेट्रोल उडलं?"

नत्थुजी त्या ओळीजवळ वाकले. "एखांद्या वेळी होते तसं."

"आन् हे? टाकी फुल्ल केली की लवकर थांबते. कमी पेट्रोल होतं तवा मूर्तिजापूरपर्यंत गेली. पोट भरलं की दम लागते तिले. कावून?"

नत्थुजींनी पुन्हा वर उन्हाकडे बोट दाखवलं. पण हलीमाबीला आपली रीत आठवली. मशीन जशी बिघडते तशी आधी बिघडू द्यायची. फडकं ठेवून लाड करायचे नाहीत.

बुधवारी तिनं टाकी गळ्यापर्यंत भरली आणि जुन्या शहराला फेऱ्या घालायला लागली. किल्ला, पूल, बाजार, पुन्हा किल्ला. वीस मिनिटांनी घराच्या वळणावर गाडीनं आचका दिला आणि थांबली. चार दुकानदारांनी ढकलत दारापर्यंत आणली. नत्थुजी फडकं घेऊन धावले.

"हात नोका लावू!" हलीमाबी इतक्या जोरात ओरडली की फडक्यातलं पाणी त्यांच्याच पायांवर निथळलं. "तुमी किल्ली फिरवा फक्त."

तिनं एका प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. नत्थुजींनी किल्ली फिरवली आणि निळी ठिणगी चटकन उडाली. वीज ठणठणीत होती. मग टाकीकडून पंपात येणारी नळी तिनं सोडवली. त्या जागी दुसरी लांब नळी जोडून तिचं टोक दूर धरलेल्या पेट्रोलच्या बाटलीत बुडवलं.

"फिरवा."

इंजिन दोन गिरक्यांत सुरू झालं. पंप तसाच तापलेला, वर उन्हाचा भडका, आणि फडकं अजून नत्थुजींच्या हातात.

"पंप थोच," हलीमाबी हळूच म्हणाली, "गरमी थेच. पेट्रोल भेटलं तं चालली. म्हंजे बिमारी इथं नाईच, नत्थुभाऊ. मांगं हाय."

दोन वर्षं सगळे जण बोनेट उघडून समोर उभे राहिले होते. मागे कुणी गेलंच नव्हतं; झाकण पेट्रोल भरणारा पोरगा उघडायचा आणि लावायचा. ती मागे गेली आणि टाकीचं झाकण फिरवलं.

स्स्स्स. आवाज लांबत गेला. जणू कुणाला तरी फार वेळ पाण्याखाली दाबून धरलेलं होतं, आणि त्याचं डोकं आता वर आलं होतं. टाकी हवा पीत होती. टाकीचं पिऊन झाल्यावर हलीमाबीनं जुनी नळी पुन्हा जोडली, किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू.

मग तिनं झाकण उलटं केलं. मध्ये हवेसाठी बारीकसं भोक होतं आणि त्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा एक गोल तुकडा सोल्युशननं चिकटवलेला होता. पेट्रोल जाईल तशी त्याच्या जागी हवा आत यावी, यासाठी ते भोक. ते बुजलं की टाकीत पोकळी होते, आणि पंप ओढून ओढून हरतो. थांबलं की फटींतून हळूहळू हवा झिरपते. फडक्याचं श्रेय एवढंच, की ते ठेवून लोक दहा मिनिटं थांबत. भरल्या टाकीत मुळात हवाच कमी, म्हणून तिथं दम लवकर.

"कोण्या गाढवानं लावलं हे?" नत्थुजी म्हणाले.

हलीमाबी त्या तुकड्याकडे पाहत होती. कडा कशा सफाईनं गोल कापलेल्या. तशी कात्री जुन्या शहरात एकच हात चालवायचा.

"थे गाढव तुमच्यासमोर उभं हाय," ती म्हणाली.

सत्तार गेल्यावर इद्दतचे, म्हणजे विधवेनं पाळायचे, चार महिने दहा दिवस ती घरात होती आणि गाडी खिडकीखाली उन्हात. रोज दुपारी पेट्रोलचा वास आत यायचा. टाकी त्यानं भरलेली होती, जायच्या आदल्या दिवशी. त्यानं भरलेलं असं थेंब थेंब उडून जातंय, हे तिला पाहवेना. एका दुपारी तिनं ट्यूब कापली, भोक बुजवलं आणि मग दुःखात तेही विसरून गेली. दोन वर्षं ती लोकांचे हात तपासत राहिली. स्वतःचा राहून गेला.

ती थोडा वेळ पायरीवर बसली. नत्थुजी फडकं पिळून दोरीवर वाळत घालून आले. मग हलीमाबी उठली. ब्लेडनं तो तुकडा खरवडला आणि सुई घालून भोक मोकळं केलं.

शुक्रवारी सकाळी नऊला, टाकी काठोकाठ भरून, ती निघाली. शेजारच्या सीटवर नत्थुजी, मांडीवर पाण्याचा तांब्या. "भरवसा हाय माहा तुमच्यावर," ते म्हणाले, "पण पानी असू द्या."

बोरगाव मंजू आलं तेव्हा नत्थुजींनी दाराचा दांडा घट्ट धरला. हलीमाबीनं ओठ मिटले आणि गाडीचा आवाज ऐकत राहिली. तोच एकसारखा सूर. बोरगाव मागे पडलं. मूर्तिजापूर आलं, गेलं. रस्ता उन्हात पांढरा पडत चालला होता आणि फियाट त्याच्यावरून, जणू एकच लांब टाका घालीत, सरळ चालली होती. बडनेऱ्याच्या अलीकडे नत्थुजींनी तांब्या तोंडाला लावला.

"अवो, थे पंपासाठी होतं ना?"

"पंपाले तहान नाई आता. मले लागली."

हलीमाबी इतकी हसली की तिला स्टिअरिंग सांभाळावं लागलं.

अमरावतीला अफसाना फाटकात उभी होती. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग आईकडे, मग नत्थुजींकडे. "काका, सच बोलो. कितनी बार रुकी?"

"एकदाबी नाई, पोरी. मीच दोनदा म्हटलं थांबा म्हणून, ह्या थांबल्या नाईत."

आत एका खोलीत नवा पलंग लावलेला होता, खिडकीला फुलांचा पडदा. हलीमाबी दारातच थांबली. पडद्याची शिवण सरळ होती. पोरीनं स्वतः शिवला असणार. तिनं अफसानाच्या डोक्यावर हात ठेवला आणि झाकणाची, ट्यूबच्या तुकड्याची सगळी गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. "बिगाडी भी मैंनेच थी," ती म्हणाली, "और बनाई भी मैंनेच."

अफसानानं डोळे पुसले, मग हसली. "कब जाना?"

"खाना खाके. मंगल को अकोट में सात मशीनें बैठी हैं मेरे लिए."

"और ये पलंग का क्या करूँ?"

"रहने दे," हलीमाबी म्हणाली. "ईद को आती ना मैं. गाडी लेके."